‘तुझी खरी आई कोण?’ परदेशात वाढणारी दत्तक मुलं आणि शाळेतला छळ

बडोद्यातल्या मराठी घरात मुलगा किंवा मुलगी परदेशात असणं आता नवं राहिलेलं नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात जा नाहीतर अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये, भिंतीवर नातवंडांचे बर्फातले फोटो असतातच. त्यांतली काही नातवंडं दत्तक असतात. भारतातल्या एखाद्या संस्थेतून रीतसर घेतलेली, दोन-तीन वर्षांची असताना न्यू जर्सीला नाहीतर नेदरलँड्समधल्या एखाद्या गावी गेलेली. लहान असतात तोवर सगळं छान चाललेलं असतं. मग ती बारा-तेरा वर्षांची होतात आणि एके दिवशी लेकीचा फोन येतो, ‘आई, ही शाळेत जायलाच तयार नाही गं. मुलं काहीबाही बोलतात तिला.’ इकडून आजी म्हणते, ‘अगं, मुलं चिडवतातच. लक्ष देऊ नको म्हणावं.’

मी बडोद्यात शाळकरी मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. आजीचं हे उत्तर मायेपोटी आलेलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण दत्तक मुलाच्या बाबतीत ते पुरत नाही, आणि का पुरत नाही हे आजी-आजोबांना, मावशी-काकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते सांगावं म्हणून हा लेख.

चिडवणं आणि छळ

मुलं एकमेकांना नावं ठेवतात, भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच डब्यातून खातात. तो छळ नव्हे. नॉर्वेत काम केलेल्या डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याने घालून दिलेली व्याख्या आजही जगभर वापरतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि सोसणाऱ्याची बाजू लंगडी असते, त्याला परतफेड करता येत नाही. हे सगळं जुळून आलं की ते बुलिंग. 1982च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे शाळेतला छळ असावा असं पुढे आलं आणि 1983 मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली. शाळेतला छळ हा सरकारने लक्ष घालण्याचा विषय आहे, हे तिथून मान्य व्हायला लागलं.

या व्याख्येतली ‘लंगडी बाजू’ दत्तक मुलाच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. एरवी आपण समजतो की दांडगा मुलगा किरकोळ मुलाला धरतो, सातवीतला पाचवीतल्याला. इथे तसं काहीच नसतं. मुलगी उंच असेल, हुशार असेल, खेळात पुढे असेल. कुणीतरी विचारतं, ‘तुझ्या खऱ्या आईने तुला का टाकलं?’ आणि तिच्याजवळ उत्तर नसतं. तिला खरोखरच माहीत नसतं. प्रश्न विचारणाऱ्याला आपला जन्म कुठे झाला, कोणत्या दवाखान्यात झाला, तेव्हा आजीने काय केलं, सगळं ठाऊक असतं. हिच्या फाइलमध्ये दोन ओळी असतात. अमुक तारखेला अमुक संस्थेत दाखल. समोरच्याला ही तफावत कळते, आणि नेमक्या तिथेच तो पुन्हा पुन्हा बोट ठेवतो.

‘तुला केवढ्याला घेतलं?’ ‘सापडलीस कुठे?’ ‘जास्त बोललीस तर परत पाठवतील.’ गोऱ्या वस्तीतल्या शाळेत त्यात रंगाची भर पडते, वासाची, केसांची. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात आशियाई चेहऱ्याच्या मुलांना ‘व्हायरस’ म्हणून हिणवलं गेलं, आणि चीन-कोरियातून दत्तक आलेल्या मुलांच्याही वाट्याला ते आलं. ती मुलं घरी कदाचित डच बोलत होती, वडिलांबरोबर फुटबॉल बघत होती. स्वतःला ती त्या गावचीच समजत होती.

बारा-तेरा वर्षांचं वयच का?

‘लहानपणापासून सांगितलंय की तिला. तेव्हा तर हसत हसत सगळ्यांना सांगायची.’ हे मी आईबाबांकडून नेहमी ऐकते. दत्तक मुलांना दत्तकपणाची समज कशी येत जाते, यावर अमेरिकेतल्या डेव्हिड ब्रॉडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ काम केलं आहे. चार-पाच वर्षांचं मूल ‘मी दत्तक आहे’ हे वाक्य गोष्टीसारखं म्हणतं. सहा-सात-आठ वर्षांच्या सुमाराला त्याला दुसरी बाजू उमगते. एका आईने घेतलं म्हणजे त्याआधी दुसऱ्या आईने सोडलं. आणि किशोरवयात विचार आणखी पुढे जातो. तिने सोडलं की तिला सोडावं लागलं? माझ्यात काही कमी होतं का? मला भावंडं आहेत का? मी तिथेच राहिले असते तर आज कोण असते?

म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीला जे दुःख होतं, ते जुनी जखम परत उघडल्यासारखं नसतं. आजवर तिला ते कळण्याइतकी समजच नव्हती, आता आली आहे. ‘मी कोण’ हा प्रश्न या वयात प्रत्येक मुलाला पडतो. पण इतरांना तो भविष्याबद्दल पडतो आणि दत्तक मुलाला भूतकाळाबद्दलही. ती रात्री पडल्या पडल्या जे स्वतःलाच विचारत असते, नेमकं तेच दुसऱ्या दिवशी वर्गातला मुलगा मोठ्याने विचारतो. बाहेरचं बोलणं आतल्या शंकेशी जुळलं, की ‘लक्ष देऊ नको’ हे सांगून काही होत नाही. लक्ष आधीच तिथे असतं.

शाळाही नकळत त्यात भर घालते. वंशवृक्ष काढून आणा. तान्हेपणीचा फोटो आणा. विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आला की बाई विचारतात, डोळ्यांचा रंग कुणाकडून आला, कानाची पाळी आईसारखी की बाबांसारखी? वर्गातली पंचवीस मुलं आरशात बघून उत्तर लिहितात आणि एक मूल गप्प बसतं. त्या तासानंतरच्या मधल्या सुट्टीत काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आपल्या घरांतही असंच एक बोलणं आहे, आणि ते आपण विनोद म्हणून पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत. ‘तुला ना, बोहारणीकडून घेतलंय जुन्या साड्या देऊन.’ पोटच्या मुलाला हे ऐकून क्षणभर रडू येतं, मग सगळे हसतात आणि आई त्याला जवळ घेते. सुट्टीत बडोद्याला आलेली दत्तक भाची त्याच खोलीत बसलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. तिला मराठी जेमतेम कळत असेल, पण हे वाक्य बरोबर कळतं. माझी कळकळीची विनंती आहे, हा विनोद आपल्या घरातून कायमचा काढून टाका.

दिसणारं आणि न दिसणारं दत्तकपण

भारताचा बालन्याय कायदा 2015चा. त्यात आंतरदेशीय दत्तक म्हणजे परदेशी जोडप्याने भारतातलं मूल घेणं एवढंच नव्हे. अनिवासी भारतीयांनी किंवा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांनी इथलं मूल घेतलं तर तेही त्यातच येतं. हे सगळं काम केंद्र सरकारच्या ‘कारा’ या प्राधिकरणामार्फत चालतं आणि मुलांच्या संरक्षणासाठी झालेला 1993चा हेग करार त्याला लागू असतो. भारताने तो 2003 मध्ये स्वीकारला. अलीकडच्या वर्षांत भारतातून साधारण 400च्या आसपास मुलं दरवर्षी परदेशी दत्तक जातात. परदेशी कुटुंबांत जाणाऱ्यांत थोडी मोठी झालेली किंवा विशेष गरजा असलेली मुलं बरीच असतात.

इटलीतल्या गोऱ्या आईबाबांचा हात धरून सावळं मूल चाललं की रस्त्यावरच्या माणसालाही कळतं. त्या मुलाला आपली गोष्ट लपवण्याची सोयच नसते. बसमध्ये, दुकानात, शाळेच्या पहिल्या दिवशी लोक बघतात आणि विचारतात. अशा घरांत चांगले, प्रेमळ आईबाप पुष्कळदा म्हणतात, ‘आम्हाला रंग दिसतच नाही.’ त्यांचा हेतू चांगला असतो, पण मुलाला बाहेर जे सोसावं लागतं ते घरी सांगायला जागाच उरत नाही. ज्यांना जन्मात कधी रंगावरून कुणी टोकलं नाही, त्यांनी ते शिकून घ्यावं लागतं. वर्णभेदावर घरात उघड बोलणं, त्याच वंशाची मोठी माणसं मुलाच्या आयुष्यात असणं, त्याच्यासारखी आणखी मुलं ज्या शाळेत आहेत ती शाळा निवडणं, या गोष्टींचा मुलांना आधार होतो.

आपल्या मराठी घरांचा प्रश्न उलटा आहे. मूलही भारतीय, आईबाबाही भारतीय. बघणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून लपवता येतं. मग लपवलं जातं. शाळेत सांगितलेलं नसतं, शेजारी सांगितलेलं नसतं, कधी कधी बडोद्यातल्या चुलत घरांनाही धड सांगितलेलं नसतं. नातेवाईक मात्र साम्य शोधत राहतात. नाक अगदी आजोबांचं हो! रंग कुणावर गेला पण? मूल हे ऐकत मोठं होतं आणि शिकतं की आपल्याबद्दल असं काहीतरी आहे जे बोलायचं नसतं. लाजेची सुरुवात इथे होते. पुढे शाळेत कुणाला हे समजलं की ते धमकी म्हणून वापरलं जातं, ‘सगळ्यांना सांगू का?’ जे उघड असतं त्याची अशी धमकी देता येत नाही.

मला याचं विशेष वाईट वाटतं ते बडोद्यात. या शहराचा सगळ्यात लाडका राजा दत्तक होता. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. 1875च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते 12 वर्षांचे होते. त्यांचं जन्मगाव, जन्मदाते वडील काशीराव, भाऊ संपतराव, सगळी नावं इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात. कुणी कुजबुजत नाही. अर्थात ते दत्तकविधान गादीसाठी होतं, आणि आजचं दत्तक हे मुलाला घर मिळावं म्हणून असतं. दोन्हींची सरमिसळ करता येणार नाही. पण ज्या शहरात दत्तक राजाच्या जन्मघराची गोष्ट अभिमानाने सांगतात, त्याच शहरात सोसायटीतल्या दत्तक मुलीबद्दल बोलताना आवाज खाली जातो.

दत्तक जाण्याआधीचे दिवस

काही मुलांच्या बाबतीत छळाचं एक मूळ आणखी मागे असतं. संस्थेत एका बाईच्या वाट्याला अनेक बाळं असतात. बाळ रडलं की प्रत्येक वेळी तेच माणूस येईल याची खात्री नसते. ज्याला सुरुवातीच्या महिन्यांत एक ठरावीक माणूस मिळत नाही, त्याचं शरीर सतत सावध राहायला शिकतं. रुमानियात 1989 मध्ये सत्तांतर झालं आणि तिथल्या अनाथालयांची भयानक अवस्था जगासमोर आली. त्यानंतर तिथून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या 165 मुलांचा मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. जी मुलं सहा महिन्यांच्या आत नव्या घरी आली, ती बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ त्या अवस्थेत राहिलेल्यांपैकी अनेकांना लक्ष टिकवणं, माणसांमधलं अंतर ओळखणं अवघड गेलं. आणि त्यांच्यातलीही काही मुलं कसलीच अडचण न येता मोठी झाली.

याचा शाळेशी संबंध असा. अनोळखी मुलांशीही एकदम सलगी करणारं मूल, चेष्टेतला धक्का हल्ला समजून अंगावर जाणारं मूल, खेळात हरलं की कोलमडणारं मूल वर्गात चटकन नजरेत भरतं. दांडगी मुलं त्यालाच हेरतात, कारण ते लगेच भडकतं. मग बाईंना दिसतो तो शेवटचा फटका, आणि शिक्षा यालाच होते. फिनलंडमध्ये परदेशातून दत्तक आलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की नव्या घरी आल्यावर ज्यांना जवळीक साधायला अडचण येत होती, त्यांच्यात पुढे छळ सोसणारी मुलंही जास्त होती आणि छळ करणारीही. तेव्हा शाळेतून ‘तुमचा मुलगा मारतो’ अशी तक्रार आली, तरी त्याआधी त्याच्या बाबतीत काय घडत होतं ते विचारायलाच हवं.

भाषेचंही असंच. सहा वर्षांचं मूल गुजराती बोलत परदेशी जातं आणि वर्षभरात ती भाषा विसरतं. कोरियातून तीन ते आठ वर्षं वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या माणसांची मोठेपणी चाचणी घेतली तेव्हा त्यांना कोरियन वाक्यं ओळखताही आली नाहीत. हा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून सुट्टीत आलेल्या मुलीला मांडवीतला दुकानदार ‘गुजराती नथी आवडतुं?’ (गुजराती येत नाही?) म्हणून हसला, तर तिने ती टाकून दिलेली नसते. तिच्याकडून ती गेलेली असते.

अभ्यास काय सांगतात

इथे मला जरा सावकाश जायचं आहे, कारण आकडे ऐकून लोक एकतर घाबरतात नाहीतर निर्धास्त होतात.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या फेमी युफर आणि मारिनस व्हान आयझेनडोर्न यांनी 2005 मध्ये दत्तक मुलांवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्यात दत्तक मुलांची संख्या 25 हजारांहून जास्त होती. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांमध्ये वागणुकीच्या अडचणी इतर मुलांपेक्षा जास्त दिसल्या, पण फरक लहान होता. देशातल्या देशात दत्तक गेलेल्या मुलांपेक्षा तर त्यांच्या अडचणी कमीच होत्या. 2007 मध्ये याच दोघांनी आत्मसन्मानाबद्दलचे अभ्यास असेच एकत्र केले आणि दत्तक मुलं व इतर मुलं यांत फरक आढळला नाही. म्हणजे दत्तक असण्यामुळे मूल स्वतःला कमी लेखतंच, हा समज चुकीचा आहे.

याच्या शेजारी स्वीडनचा 2002चा अभ्यास ठेवू. सरकारी नोंदींमधून 11,320 परदेशी दत्तक व्यक्तींची माहिती घेऊन तो केला होता. आत्महत्येचा प्रयत्न करण्याचा किंवा गंभीर मानसिक आजारासाठी रुग्णालयात जाण्याचा धोका त्यांच्यात साधारण तिपटीहून जास्त निघाला.

दोन्ही खरं कसं? सरासरी बघितली तर बहुतेक दत्तक मुलं ठीक आहेत, चांगली आहेत. स्वीडनच्या अभ्यासातही बहुसंख्य मुलांना असा त्रास नव्हता. पण जी थोडी मुलं खोल अडचणीत जातात, त्यांत दत्तक मुलांचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा प्रत्येक दत्तक मुलाकडे रुग्ण म्हणून बघणं चूक, आणि ‘ठीक आहे हो सगळं’ म्हणून त्या थोड्यांकडे पाठ फिरवणंही चूक. सुरुवातीची उपासमार आणि एकटेपण, नंतर वर्णभेद, शाळेतला छळ आणि घरातलं मौन हे सगळं एकाच मुलावर साचत गेलं की ते टोक जवळ येतं. त्यांतलं पहिलं आपल्या हातात नसतं. घरातलं मौन मात्र पूर्णपणे आपल्याच हातात असतं.

अलीकडे यात फोनवरच्या बातम्यांची भर पडली आहे. नेदरलँड्समध्ये 2021 साली चौकशी समितीने जुन्या परदेशी दत्तक प्रकरणांतले गैरप्रकार मांडले. चीनने 2024 मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ पूर्ण बंद केलं. कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने 2025च्या मार्चमध्ये सरकारचा दोष नोंदवला, कागदपत्रं खोटी केल्याची प्रकरणं पुढे आली. पंधरा वर्षांचा मुलगा हे वाचतो आणि त्याला वाटतं, माझेही कागद खोटे असतील का? मला पळवून आणलं असेल का? हा प्रश्न त्याने आईला विचारला तर तिने दुखावून जाऊ नये. ‘चल, आपण तुझी फाइल काढून बसू’ असं म्हणावं.

मुलं का सांगत नाहीत

‘नशीबवान आहेस हो, कुठल्या कुठे आलीस!’ हे दत्तक मुलाला देवळात, लग्नात, विमानतळावर कुणीही सांगतं. ज्याला सतत उपकाराची आठवण दिली जाते, ते मूल तक्रार करायचं बंद करतं. शाळेत त्रास होतो म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. शिवाय त्याला आईची काळजी असते. ‘तुझी खरी आई कोण?’ असं कुणी विचारलं हे घरी सांगितलं तर आईचा चेहरा पडेल, हे त्याला पक्कं माहीत असतं. आईला जपण्यासाठी ते गप्प बसतं.

म्हणून विषय मोठ्यांनी काढायचा असतो, आणि एकदा नाही, अधूनमधून. गाडीत, भाजी निवडताना, समोरासमोर न बसता. ‘दत्तक असण्यावरून शाळेत कुणी काही विचारतं का गं?’ एवढंच. उत्तर ‘नाही’ आलं तरी तिला कळतं की हा विषय इथे चालतो. आणि सांगितलंच तर लगेच ‘पण आमचं तुझ्यावर किती प्रेम आहे!’ असं म्हणू नये. तिला प्रेमाबद्दल शंका नसते. तिला आधी कुणीतरी ‘हे फार वाईट बोलले ते, तुला लागलं असणार’ असं म्हणायला हवं असतं. जन्मदात्या आईबद्दल हळहळ वाटली, राग आला, तर येऊ द्यावा. त्याने या आईचं काही कमी होत नाही.

उत्तरं घरी तयार करून ठेवता येतात. अमेरिकेतल्या सेंटर फॉर अडॉप्शन सपोर्ट अँड एज्युकेशन या संस्थेने ‘वाईज अप’ नावाची पद्धत बनवली आहे आणि ती मला फार उपयोगी वाटते. कुणी दत्तकपणाबद्दल विचारलं की मुलापुढे चार वाटा असतात. उत्तर न देता निघून जावं. ‘हे माझं खासगी आहे’ असं सांगावं. स्वतःबद्दल हवं तेवढंच सांगावं. किंवा दत्तक म्हणजे काय, हे समोरच्याला समजावून द्यावं. कोणती वाट घ्यायची ते मूल ठरवतं, माणूस बघून आणि त्या दिवशीची मनःस्थिती बघून. ‘तुझी खरी आई कोण?’ याला एक मुलगी शांतपणे म्हणायला शिकली होती, ‘जी डबा करून देते ती. दुसरीबद्दल मी फक्त मैत्रिणींशी बोलते.’ ते वाक्य तिने स्वतः तयार केलं होतं, म्हणून तोंडात बसलं.

शाळेशी बोलताना

तारीख, ठिकाण, कोण काय बोललं, कोण हजर होतं हे लिहून ठेवा आणि मोबाइलवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग वर्गशिक्षिकेला लेखी कळवा. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी थेट जाऊ नका. त्याचे आईबाप त्याचीच बाजू घेणार आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा वचपा निघणार. दोघांना समोर बसवून हात मिळवायला लावणं हा शिक्षकांचा आवडता उपाय असतो. दोन मित्रांच्या भांडणात तो चालतो. छळात दोन्ही बाजू सारख्या नसतात, तिथे तो सोसणाऱ्यालाच आणखी एकटं पाडतो. आणि मुलाच्या परवानगीवाचून वर्गात ‘आज आपण दत्तक या विषयावर बोलू या’ असं तर मुळीच होऊ देऊ नका.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या मार्गदर्शनाखाली ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि 2009पासून तो तिथल्या शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरला. त्याचा भर छळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर आहे. छळ हा नाटकासारखा प्रेक्षकांवर चालतो. हसणारे कमी झाले, एक-दोघांनी सोसणाऱ्याला ‘चल, आमच्यात बस’ म्हटलं, की तो ओसरायला लागतो. आपल्या मुलीच्या वर्गातली अशी एक मैत्रीण शोधणं आणि तिला घरी जेवायला बोलावणं, हे आईबाबांच्या हातात आहे. वंशवृक्षाच्या गृहपाठाबद्दलही शिक्षिकेला आधीच सांगता येतं, की मुलांना ‘माझी माणसं’ असं चित्र काढायला सांगितलं तरी धडा तोच शिकवून होईल.

कधी थांबायचं नाही

सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणं, झोप उडणं, खाणं लपवून ठेवणं, वाढदिवस जवळ आला की गप्प होणं, फोन वाजला की दचकणं, अचानक मित्र बदलणं. वाढदिवसाकडे विशेष लक्ष असू द्या, कारण त्या दिवशी जन्मदात्या आईची आठवण हमखास येते. यांतलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर समुपदेशकाकडे जा, आणि दत्तक कुटुंबांबरोबर काम केल्याचा अनुभव आहे का ते आधी विचारा.

मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं, तर ‘असं बोलायचं नाही’ म्हणून विषय मिटवू नका. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. भारतात टेलिमानस 14416 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक आहेत. अमेरिकेत 988, आणि युरोपातल्या बहुतेक देशांत मुलांची हेल्पलाइन 116 111 आहे. हे क्रमांक बडोद्यातल्या आजीच्या फोनमध्येही असावेत, कारण रात्री अकरा वाजता नातू कधी कधी तिलाच मेसेज करतो.

मुळांचा शोध

छळाच्या काळात पुष्कळ मुलं एकदम म्हणतात, ‘मला माझ्या खऱ्या घरी जायचंय.’ आईबाबांच्या काळजात चर्र होतं. पण त्याला घर सोडायचं नसतं. जे लोक विचारतात त्याचं उत्तर त्याला हवं असतं. भारतीय नियमांत अशा शोधाची तरतूद आहे. 18 वर्षांच्या आत मूल आणि दत्तक आईबाबा मिळून अर्ज करतात, 18 नंतर त्याला स्वतःला करता येतो. तिऱ्हाइताला मात्र दत्तक व्यक्तीच्या वतीने असा शोध घेता येत नाही, मग तो कितीही ओळखीचा एजंट असो. जन्मदात्या पालकांनी नाव उघड करायला नकार दिला असेल तर ते मिळत नाही. तरीही कोणत्या परिस्थितीत मूल संस्थेत आलं आणि कुठून दत्तक गेलं, एवढं कळू शकतं. काही मुलांना तेवढंही पुरतं.

तोवर घरातले कागद जपून ठेवा. दत्तकाचा आदेश, मुलाच्या आरोग्याचा आणि पार्श्वभूमीचा तेव्हा दिलेला अहवाल, संस्थेतले फोटो, पहिला पासपोर्ट, ज्या कपड्यांत ते घरी आलं ते कपडे. पुष्कळ घरांत या वस्तू बडोद्याच्या कपाटात राहून गेलेल्या असतात, कारण लहान मुलाला घेऊन परत उडताना सामान जास्त झालं होतं. त्या शोधून काढा, एका डब्यात घाला आणि पुढच्या वेळी मूल येईल तेव्हा त्याच्या हातात द्या. तो डबा उघडायचा केव्हा आणि कुणासमोर, ते त्याचं त्याला ठरवू द्या.